लिडियन स्वरमाला : तिचें स्वरूप आणि तिचा अभ्यास

पियानो, व्हायोलिन किंवा गिटार शिकणारीं मुलें आज शहरांतील पुष्कळ घरांत आढळतात. त्यांच्या पाठ्यपुस्तकांत केव्हां ना केव्हां ‘लिडियन’ हें नांव येतें आणि त्याखालीं एका ओळीची व्याख्या असते : मेजर स्वरमालेंतील चौथा स्वर अर्ध्या स्वरानें चढविला कीं लिडियन स्वरमाला तयार होते. घरांतील एखादें गाण्याचें जाणतें माणूस ही व्याख्या ऐकतें आणि म्हणतें, “म्हणजे हा आपला यमनच कीं!” व्याख्या खोटी नाहीं, आणि हा उद्गारहि सर्वस्वीं चुकीचा नाहीं. तथापि एवढ्यावरच जो थांबतो, त्याला लिडियन स्वरमाला बहुधा ऐकूंच येत नाहीं. तो सातहि स्वर बिनचूक वाजवितो, परंतु कानाला प्रतीत होते ती मात्र निराळीच स्वरमाला. असें कां व्हावें आणि तें टाळण्याचा उपाय कोणता, हा प्रस्तुत विषय आहे.

तो समजण्यास घरांतील बाजाची पेटी पुरेशी आहे. पेटीवरील लगतच्या दोन पट्ट्यांमधील अंतर, मग त्या काळ्या असोत वा पांढऱ्या, एक अर्धस्वर होय. असे दोन मिळून एक पूर्णस्वर होतो. पांढरी एक हा षड्ज धरून केवळ पांढऱ्या पट्ट्या ओळीनें वाजविल्या म्हणजे बिलावल थाटाचे स्वर मिळतात. पाश्चात्य पद्धतींत यालाच मेजर अथवा आयोनियन म्हणतात. आतां एकहि पट्टी न बदलतां षड्ज तेवढा हलवावा. पांढरी चार हा षड्ज मानून पुन्हा पांढऱ्या पट्ट्याच वाजवाव्या. सा, रे, ग यांच्यापुढें मध्यम येतो तो पांढरी सातवर, आणि तो शुद्ध नसून तीव्र असतो. हीच लिडियन स्वरमाला. षड्जापासून तीव्र मध्यमापर्यंत ओळीनें तीन पूर्णस्वर, मग अर्धस्वरावर पंचम, पुढें धैवत व निषाद यांसाठीं दोन पूर्णस्वर, आणि शेवटीं वरच्या षड्जास पोंचविणारा एक अर्धस्वर, अशी तिची घडण आहे.

आपल्याकडील शास्त्राला ही क्रिया अपरिचित नाहीं. स्वर तेच ठेवून आरंभस्थान बदलण्यास मूर्च्छना हें प्राचीन नांव आहे. बिलावलाच्या शुद्ध मध्यमाला षड्ज केलें कीं कल्याण थाट निघतो. पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनीं प्रचारांतील राग ज्या दहा थाटांत बसविले, त्यांपैकीं कल्याण थाटाचे सात स्वर आणि लिडियन स्वरमालेचे सात स्वर एकच होत. दक्षिणेंतील ७२ मेळांच्या रचनेंत ६५ वा मेळ मेचकल्याणी हाहि तोच.

लिडियन हें नांव लिडिया या देशावरून आलें आहे. आजच्या तुर्कस्तानाच्या पश्चिम भागांत, आशिया मायनरमध्यें, हें प्राचीन राज्य होतें. प्लेटोनें ‘रिपब्लिक’ ग्रंथाच्या तिसऱ्या भागांत आदर्श नगरींतून ज्या स्वररचना वगळावयास सांगितल्या आहेत, त्यांत लिडियन नांवाच्या रचनाहि आहेत. कांहीं विलापाला साजेशा म्हणून, कांहीं मद्यपानाच्या बैठकीला शोभणाऱ्या शिथिल रचना म्हणून. या निवाड्याचा आजच्या लिडियनशीं मात्र संबंध जोडतां येत नाहीं. ग्रीकांची लिडियन स्वरमाला, आजच्या पेटीवर मांडली तर, पांढरी एक ते वरची पांढरी एक अशी पडते. मध्ययुगीन पश्चिम युरोपांतील ख्रिस्ती शास्त्रकारांनीं हीं ग्रीक नांवें आपल्या उपासनागीतांच्या आठ स्वरमालांना लावलीं, तेव्हां तीं मूळच्या जागांवरून सरकलीं, आणि लिडियन हें नांव पांढरी चारवर विसांवणाऱ्या पांचव्या स्वरमालेकडे आलें. आज तें त्याच अर्थानें रूढ आहे.

या स्वरमालेंत मध्ययुगीन गायकांना एक अडचण भासली. षड्ज आणि तीव्र मध्यम यांतील तीन पूर्णस्वरांचें अंतर गळ्याला अवघड आणि कानाला कठोर वाटे. अठराव्या शतकांतील ग्रंथांतून तर या अंतराला संगीतांतील सैतान असें नांव दिलेलें आढळतें. त्या काळच्या सप्तकांत याच एका ठिकाणीं दोन स्वरांची सोय होती : एक मृदु, तो गोल आकाराच्या ‘बी’ अक्षरानें लिहीत, दुसरा कठोर, तो चौकोनी ‘बी’ अक्षरानें. पाश्चात्य स्वरलेखनांत स्वर उतरविण्याचें आणि तो पूर्ववत् करण्याचें अशीं जीं चिन्हें आज दिसतात, तीं याच दोन अक्षरांपासून निघालीं आहेत. पेटीच्या भाषेंत सांगावयाचें तर मृदु स्वर म्हणजे काळी पांच आणि कठोर स्वर म्हणजे पांढरी सात. पांचव्या स्वरमालेंत गाणारे वारंवार मृदु स्वराकडे वळत. पांढरी चार षड्ज धरून पांढरी सातच्या ऐवजीं काळी पांच वाजविली कीं मध्यम शुद्ध होतो आणि बिलावल उभा राहतो. इ. स. १५४७ मध्यें ग्लारेआनुस या स्विस पंडितानें आपल्या ‘डोडेकाकॉर्डॉन’ ग्रंथांत आठांच्या बारा स्वरमाला केल्या आणि या बिलावलसदृश स्वरमालेला आयोनियन हें स्वतंत्र नांव दिलें. लिडियन हें नांव ग्रंथांत राहिलें, पण ज्या स्वरामुळें तिला वेगळेपण, तो स्वरच व्यवहारांत पुष्कळदां तिच्या हातून सुटला होता.

एका स्वरानें एवढा फरक कां पडावा, हें षड्जपंचमभावाच्या आधारें चांगलें समजतें. षड्जाचा पंचम प. या पंचमाला क्षणभर षड्ज मानलें तर त्याचा पंचम रे येतो. रिषभाचा पंचम ध, धैवताचा ग, गांधाराचा नि आणि निषादाचा पंचम तीव्र मध्यम. सप्तकांची उंची आणि सूक्ष्म श्रुतिभेद बाजूला ठेवले तर लिडियनचे सातहि स्वर अशा एकाच साखळीनें षड्जापासून निघालेले दिसतात. शुद्ध मध्यमाला या साखळींत स्थान नाहीं. त्याचें नातें नेमकें उलट आहे : षड्ज हाच त्याचा पंचम आहे. षड्जाचीं आंदोलनें सेकंदास २४० धरलीं तर शुद्ध मध्यमाचीं ३२० येतात आणि वरचा षड्ज ४८०, म्हणजे ३२० च्या दीडपट, असतो. तीव्र मध्यमाचीं आंदोलनें ३३७½ होतात. तीं मंद्र निषादाच्या २२५ आंदोलनांच्या दीडपट आहेत. शुद्ध मध्यम वाजला कीं षड्ज कोणाचा तरी पंचम ठरूं लागतो आणि आपल्या आसनावरून किंचित् हलतो. तीव्र मध्यमाच्या राज्यांत षड्जाला खालून ओढणारा कोणी उरत नाहीं. लिडियन ऐकतांना जी मोकळेपणाची व तरंगल्याची भावना होते, तिचें मूळ येथें असावें. अमेरिकन जॅझ संगीतकार जॉर्ज रसेल (१९२३–२००९) यांनीं १९५३ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या सिद्धांतांत याच पंचमांच्या साखळीचा आधार घेऊन, मेजरपेक्षां लिडियन हीच षड्जाशीं अधिक एकरूप स्वरमाला आहे असें प्रतिपादन केलें.

परंतु हाच गुण दुसऱ्या बाजूनें धोक्याचाहि आहे. मेजर स्वरमालेंत तीन पूर्णस्वरांचें तें कठोर अंतर शुद्ध मध्यम आणि निषाद यांच्यामध्यें पडतें. मध्यम गांधारावर उतरूं पाहतो, निषाद षड्जाकडे चढूं पाहतो, आणि दोहोंची ओढ मिळून श्रोत्याला षड्जाचें घर दाखविते. पाश्चात्य संगीतांतील समाप्तीच्या स्वरसंघांची मदार बव्हंशीं या ओढीवर आहे. लिडियनमध्यें तेंच अंतर खुद्द षड्ज आणि तीव्र मध्यम यांच्यामध्यें येतें. तीव्र मध्यम पंचमाकडे चढूं पाहतो, वरचा षड्ज निषादाकडे उतरूं पाहतो, आणि कानाला वाटूं लागतें कीं खरें घर पंचम हेंच आहे. एकदां तसें वाटलें कीं तीव्र मध्यम हा पंचमाचा निषाद ठरतो, आणि पांढरी चारवरील लिडियनच्या जागीं पांढरी एकवरील बिलावल ऐकूं येऊं लागतो. पट्ट्या त्याच, स्वर तेच, परंतु स्वरमाला दुसरी.

म्हणजे लिडियन हातची सुटण्याचे मार्ग दोन आहेत. मध्यम शुद्ध करणें हा पहिला. तो मध्ययुगीन गायकांचा होय, आणि तो उघड दिसतो. न कळत षड्ज पंचमावर नेणें हा दुसरा. तो आजच्या विद्यार्थ्याचा होय, आणि लेखी स्वरांत तो दिसतच नाहीं.

या दोन्ही गोष्टींचा विचार करून बेटोफेनची एक प्रसिद्ध रचना ऐकण्यासारखी आहे. एप्रिल १८२५ मध्यें बेटोफेन गंभीर आजारी पडला. त्यांतून उठल्यावर त्यानें आपल्या १३२ क्रमांकाच्या तंतुवाद्य-चतुष्काचा तिसरा भाग लिहिला आणि त्याला ‘व्याधिमुक्त माणसाचें परमेश्वराला वाहिलेलें कृतज्ञतेचें पवित्र गीत, लिडियन स्वरमालेंत’ अशा अर्थाचें शीर्षक दिलें. या भागांत अतिसंथ स्तोत्र तीन वेळां येतें. मध्यंतरीं दोन वेळां ‘नवी शक्ति जाणवत असतां’ या अर्थाचा, मेजर स्वरमालेंतील उत्साही भाग येतो. स्तोत्राच्या भागांत मृदु स्वराला, म्हणजे काळी पांचला, बेटोफेननें कोठेंहि प्रवेश दिलेला नाहीं. पहिल्या मार्गानें निसटण्याची वाट त्यानें पूर्ण बंद केली आहे. तरीहि ऐकणाऱ्याचा कान मधून मधून पांढरी एककडे झुकतो, आणि आपण नक्की कोठें आहों असा संभ्रम त्याला पडतो. हा संभ्रम त्या रचनेचा दोष नव्हे. दुर्बळ देहांत हळूहळू परत येणाऱ्या प्राणाची जी अस्थिर शांतता तीत भरली आहे, ती या अनिश्चित षड्जाशिवाय साधली नसती.

याच्या उलट उदाहरण शोपांचें आहे. पोलंडच्या लोकसंगीतांत चढा मध्यम पुष्कळ आढळतो, आणि शोपांनें आपल्या मझुर्का नृत्यरचनांत तो उचलला. त्याच्या मृत्यूनंतर १८५५ सालीं प्रसिद्ध झालेल्या ६८ व्या संग्रहांतील तिसऱ्या मझुर्केच्या मध्यभागीं डाव्या हातांत षड्जपंचमाची जोडी अखंड वाजत राहते आणि तिच्यावर उजवा हात तीव्र मध्यमाची चाल खेळवितो. येथें संभ्रमाला जागाच नाहीं. खेड्यांतील पिशवीच्या सनईचा जो अखंड सूर असतो, त्याची ती आठवण आहे. तो सूर खालीं असल्यामुळें पंचमाला घर बळकावतां येत नाहीं, आणि तीव्र मध्यम सुस्पष्ट, उजळ असा कानावर पडतो.

तंबोऱ्याच्या सहवासांत वाढलेल्या महाराष्ट्रीय वाचकाला हा उपाय नव्यानें सांगावयास नको. युरोपांतील अभ्यासकाला जो आधारस्वर मुद्दाम निर्माण करावा लागतो, तो येथें गाण्याच्या प्रत्येक बैठकींत आधींच झंकारत असतो. लिडियनचा अभ्यास करणाऱ्यानें म्हणूनच पियानो बाजूला ठेवून आरंभ तंबोऱ्यापाशीं करावा. इलेक्ट्रॉनिक तंबोराहि चालेल. तो जुळवितांना पहिली तार पंचमाची ठेवावी. कांहीं दिवसांनीं, यमन गाणारे कित्येकदां करतात त्याप्रमाणें, ती निषादाची करून पाहावी.

पहिल्या पायरीला केवळ षड्ज, गांधार व पंचम हे तीन स्वर ठाम करावे. खर्जाच्या तारेंतून स्वयंभू गांधार ऐकूं येऊं लागला म्हणजे कान तयार झाला असें समजावें. दुसऱ्या पायरीला तीव्र मध्यम घ्यावा, पण तो खालून चढून नव्हे, पंचमावरून उतरून घ्यावा : प म॑ प, प म॑ प, ग प म॑ प. पंचम व तीव्र मध्यम यांतील अर्धस्वर गळ्याला सोपा असतो. तो बसल्यावर मगच सा रे ग म॑ असे तीन पूर्णस्वर सलग चढावे. येथें गळा शुद्ध मध्यमावर घसरण्याचा फार संभव असतो. म्हणून सा रे ग म आणि सा रे ग म॑ अशा दोन ओळी एकाआड एक म्हणून भेद पक्का करावा. पेटीची साथ या वेळीं घेऊं नये. समान वांटणीच्या सप्तकांत २४० च्या षड्जावर तीव्र मध्यमाचीं आंदोलनें सुमारें ३३९½ येतात. तंबोऱ्याच्या निषादाशीं जुळणारा स्वर त्याहून किंचित् उतरलेला असतो, आणि तो कानानेंच शोधला पाहिजे.

तिसरी पायरी मुक्कामाची. कोणतीहि लहानशी चाल बांधावी आणि ती नि सा किंवा रे सा अशा रीतीनें षड्जावर संपवावी. पंचमावर लांब थांबणें आणि म॑ प या जोडीनें वाक्य पुरें करणें प्रथम कटाक्षानें टाळावें, कारण कान निसटतो तो याच ठिकाणीं. परीक्षा सोपी आहे. चाल गाऊन झाल्यावर तंबोरा थांबवावा, क्षणभर थांबून मनांत उरलेला षड्ज गुणगुणावा, आणि तंबोरा पुन्हा छेडावा. गुणगुणलेला स्वर तंबोऱ्याच्या पंचमाशीं जुळला, तर जें गाइलें तें लिडियन नव्हे, पंचमावरचा बिलावल होता.

वाद्य वाजविणाऱ्यासाठीं चौथी पायरी स्वरसंघांची. डाव्या हातानें खालची पांढरी चार अखंड धरावी. उजव्या हातानें एकदां पांढरी चार, सहा व वरची एक, आणि एकदां पांढरी पांच, सात व वरची दोन, असे दोन स्वरसंघ आलटून पालटून वाजवावे. पहिला षड्जावरचा, दुसरा रिषभावरचा; दुसऱ्यांत मधला स्वर तीव्र मध्यम आहे. खालचा षड्ज न हलतां वर हे दोन स्वरसंघ झुलूं लागले कीं लिडियनचा खरा वर्ण प्रकट होतो. मग डावा हात उचलून तेंच वाजवून पाहावें. आधार गेल्यावर घर किती लवकर संशयास्पद होतें, हेंहि कळून येईल.

आतां यमनाचा प्रश्न राहतो. स्वर एक असले तरी यमन हा राग आहे आणि लिडियन ही स्वरमाला आहे. एकाच कल्याण थाटांत भूप येतो, ज्यांत मध्यमच नाहीं. हिंडोल येतो, ज्यांत रिषभ व पंचम नाहींत. केदार व हमीर येतात, ज्यांत दोन्ही मध्यम आहेत. थाट ही रागांची वर्गवारी आहे. रागाची ओळख त्याच्या चालण्यांत असते. यमनांत गांधार वादी व निषाद संवादी, समय रात्रीचा पहिला प्रहर, आणि नि रे ग, म॑ ध नि अशी षड्जपंचमांना पुष्कळदां ओलांडून जाणारी आरोहाची रीति. लिडियनला असें कोणतेंहि बंधन नाहीं. तिच्यांत शोपां नाचवितो आणि बेटोफेन प्रार्थना करवितो. यमन येणाऱ्याला तीव्र मध्यम आयता मिळतो हें खरें, परंतु त्याबरोबर यमनाच्या पकडीहि जिभेवर येतात, आणि मग प्रत्येक लिडियन रचना त्याला अपुऱ्या यमनासारखी वाटूं लागते. उलट लिडियन शिकलेला विद्यार्थी सात स्वर वरखालीं फिरवून आपण यमन गाइलों अशी समजूत करून घेतो. दोघांनींहि सावध राहावें.

एक साम्य मात्र लक्षांत घेण्याजोगें आहे. यमनकल्याणांत दोन गांधारांच्या मध्यें शुद्ध मध्यमाचा हळुवार स्पर्श येतो, आणि जाणता गवई तो देतांच क्षणभर मैफलीचा नूर बदलतो. मध्ययुगीन गायकांनींहि तीव्राच्या जागीं मृदु स्वर घेतला होता. पण तेथें त्यानें तीव्र मध्यमाची जागा बळकावली, आणि येथें तो पाहुण्यासारखा येऊन जातो, कारण तीव्र मध्यमाचें राज्य आधींच स्थिर झालेलें असतें. लिडियनच्या अभ्यासकानेंहि हाच क्रम ठेवावा. कांहीं आठवडे रोज पंधरा मिनिटें तंबोऱ्यावर शुद्ध मध्यमाचा संपूर्ण त्याग करून गावें आणि षड्ज हलत नाहीं अशी खात्री पटल्यावर बेटोफेनचें तें स्तोत्र पुन्हा ऐकावें. पहिल्या वेळीं जें केवळ संथ आणि दीर्घ वाटलें होतें, त्यांत षड्ज कोठें डळमळतो आणि कोठें पुन्हा सांवरतो, हें या वेळीं कानाला आपोआप कळूं लागेल.